राखीव

दर गुरुवारी पहाटे दह्याचे क्रेट घेऊन
मी प्लेवेनच्या क्रीडाशाळेच्या मागच्या दाराशी गाडी लावते.
झ्द्रावका कोपराने दार उघडते.
हात पिठात असतात,
आणि डावं मनगट अजून नीट वळत नाही.
फुटपाथवरून उतरताना मोडलं.
नुसतं उतरताना.
जी बाई हवेत दोनदा उलटी होऊन
दहा सेंटिमीटर रुंद लाकडावर पाय टेकवायची, तिचं.
डॉक्टर म्हणाले, तुम्ही एक्कावन्नच्या, हाडं सत्तरीची.
ती म्हणाली, म्हणजे एकोणीस वर्षं कुणीतरी खाल्ली.

हसत म्हणाली. मी क्रेट मोजत राहिले.

आम्ही एकाच सप्टेंबरात इथे आलो, नऊ वर्षांच्या.
सकाळी सहाला वजन, संध्याकाळी सहाला वजन.
आकडा वाढला की काराजोवाबाई
वहीवर पेन्सिल दोनदा आपटायच्या.
अर्धं सफरचंद. एक उकडलेलं अंडं.
सूप, ज्यात चमच्याला काही लागायचं नाही.
तहान लागली तर चूळ भरायची आणि थुंकायची.
रात्री दिवे गेले की आम्ही पदार्थांची नावं घ्यायचो,
हळू, देवाची घ्यावीत तशी:
चीज घातलेली बानित्सा. भाजलेल्या मिरच्या. आलुबुखारचा मुरंबा.
परत सांग, कुणीतरी अंधारातून म्हणायचं.

झ्द्रावका पाव लपवायची
हाताला लावायच्या भुकटीच्या डब्यात, तळाशी, रुमालात बांधून.
खाताना तिचे ओठ पांढरे व्हायचे.
एकदा मलाही तुकडा दिला.
खडूची चव होती. मी खाल्ला.
आणि स्पर्धेच्या महिनाभर आधी
काराजोवाबाईंचं दार वाजवलं.

मी राखीव होते.
उपाशी राहायचं संघाइतकंच,
आणि झोपण्यापूर्वी
कुणाचा तरी घोटा मुरगळावा म्हणून डोळे मिटायचे.

तिला रबरी सूट घालून जिन्यावरून पळवलं, तीन दिवस.
ती पडली नाही.
सुवर्ण घेऊन आली.
विमानतळावर मी वाजवलेल्या टाळ्या
खऱ्या होत्या की खोट्या, अजून ठरत नाही.

पुढची वर्षं थोडक्यात सांगते, ती गेलीच तशी.
पाळी एकोणिसाव्या वर्षी.
इटलीतली एक सर्कस, मग तिथल्याच इमारतींचे जिने पुसणं,
एक नवरा, दोन हिवाळे टिकलेला.
मूल नाही.
पदक कुठे आहे विचारलं
तर म्हणते, असेल ड्रॉवरमध्ये, चमच्यांखाली.

आता सातला मुली येतात, केस घट्ट बांधलेल्या.
जुन्या व्यायामशाळेतला तोच काटा
स्वयंपाकघरात आणून ठेवलाय तिने.
त्यावर रोज पीठ चढतं, अकरा किलो,
आणि कुणी पेन्सिल आपटत नाही.

योआना पावातला मऊ भाग कोरून ताटाखाली सरकवते.
परवा तिने विचारलं, तुमचं वजन किती होतं तेव्हा?
एकतीस किलो दोनशे, झ्द्रावका म्हणाली,
श्वास न घेता.
आणि गुण किती मिळाले?
पळी हवेतच थांबली.
आठवत नाही गं.
मग ताटाखालचा पाव काढून
त्यावर बोटभर लोणी थापलं.
खा. हाडं आत्ताच बांधून होतात,
नंतर नुसती डागडुजी.

मुलगी अर्धाच खाल्ली. काल अर्धाही नव्हता, म्हणे.

आज क्रेट उतरवून निघाले
तर तिने टेबलावर वाडगा ठेवला,
घेवड्याचं सूप, पुदिना घातलेलं, चमचा उभा राहील इतकं दाट,
शेजारी पावाचा गरम तुकडा.
बस, म्हणाली.
आणि पाठमोरी, पातेलं ढवळत,
कमी पडलं तर सांग.

जरा थांबून,
तुला सांगता येतं.

खिडकीबाहेर माझ्या गाडीचं इंजिन चालूच होतं.
मी पाव तोडला.
त्याच्यावरचं पीठ ओठांना लागलं.
पुसलं नाही.